बंद नळीला भोक पाडा

जुन्या गाड्यांचा शौक हा पैसेवाल्यांचा शौक. त्याचं इथं काय काम, असं तुम्ही विचाराल. विचारा. पण या शौकाचा माल शेवटी आमच्याच टाकीत येतो. पन्नास-साठ-सत्तर वर्षांच्या गाडीची चेसिस, बंपर, सीटच्या फ्रेमा, ओढायचे हूक, पायरीचे ब्रॅकेट. सगळं गंजानं खाल्लेलं. टेम्पोत गोधडी अंथरून आणतात. मालक मागून स्वतःच्या गाडीत येतो. "नीट करा हं, हा पार्ट आता कुठं मिळत नाही," असं बजावतो. मग नाकाला रुमाल लावून ऑफिसात जाऊन बसतो.

ज्या वासाला तो रुमाल लावतो त्या वासात मी चौतीस वर्षं काढली. १९८८ ते २०२२. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली गॅल्वनायझिंगची शेड. आमचा मुख्य माल म्हणजे विजेच्या टॉवरचे अँगल, रस्त्याकडेचे खांब, गटारावरच्या जाळ्या. जुन्या गाड्यांचा माल त्यात चवीपुरता. पण मला जे सांगायचंय ते याच मालावरून घडलं, म्हणून आधी हे काम काय असतं ते सांगतो. तुमच्यातले बरेच जण कॉलेजात शिकतात, शेडच्या आत आलेले नसतात.

गॅल्वनायझिंग या नावावर जाऊ नका. इटलीतल्या गॅल्व्हानीनं अठराव्या शतकात बेडकाच्या तंगड्या विजेनं उडवल्या, त्याचं नाव या धंद्याला चिकटलं. आमच्या टाकीत वीज नसते. वितळलेलं जस्त असतं. जस्त ४१९ अंशांवर वितळतं, टाकी ४५० च्या आसपास ठेवतात. त्यात लोखंड बुडवायचं. दोघं एकमेकांत शिरतात, मधे मिश्र थर धरतात, आणि वर शुद्ध जस्ताचा पापुद्रा राहतो. म्हणून ते रंगासारखं पोपडे धरून निघत नाही. पाच मिलिमीटर आणि त्याहून जाड पोलादावर चौरस मीटरला सरासरी ६१० ग्रॅम जस्त बसलं पाहिजे, त्याखाली दोन मिलिमीटरपर्यंत ४६०, असं भारतीय मानक ४७५९ सांगतं. ६१० ग्रॅम म्हणजे जाडी साधारण ८५ मायक्रॉन. डोक्यावरच्या एका केसाएवढी. एवढ्यावर लोखंड खाऱ्या हवेतसुद्धा वर्षानुवर्षं उभं राहतं.

पण बुडवायच्या आधी लोखंड नागडं करावं लागतं. गरम कॉस्टिकच्या टाकीत तेल-ग्रीस काढायचं. पाण्यात बुचकळायचं. मग हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच्या टाकीत गंज काढायचा. परत पाणी. मग फ्लक्स, म्हणजे जस्ताचं आणि अमोनियमचं क्लोराइड. मग वाळवायचं. मग जस्ताची टाकी, तिला आम्ही केटल म्हणतो. वर काढताना जस्तावरची राख लांब दांड्यानं बाजूला ओढायची, नाहीतर ती मालाला चिकटते. शेवटी पाण्यात विझवायचं. त्या पाण्यात डायक्रोमेट टाकलेलं असलं तर पाणी पिवळंजर्द दिसतं आणि बोटांच्या भेगांत गेलं की जखम महिना महिना भरत नाही.

आता कोण कुठं उभं राहायचं ते सांगतो.

१९८८ साली मी गेटवर गेलो तेव्हा ठेकेदारानं नाव विचारलं. सांगितलं. आडनाव विचारलं. तेही सांगितलं. मग गाव विचारलं. मग गावात घर कुठल्या अंगाला, हे विचारलं. नोकरीला घराची दिशा कशाला लागते? पण लागली. म्हणाला, "अ‍ॅसिडला जा."

अ‍ॅसिडला आम्ही पाच जण होतो. पाचही जणांची घरं आपापल्या गावात त्याच अंगाला. केटलवर दुसरे, क्रेनवर दुसरे, हिशेबाला आणखी वेगळे. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. सदरा तीन महिन्यांत जाळी होऊन गळायचा. समोरचे दात आधी खरखरीत होतात, मग पातळ, मग टोकाकडून पारदर्शक. अ‍ॅसिडच्या वाफेनं दात झिजतात हे डॉक्टरी पुस्तकातही आहे, पण ते मला फार उशिरा कळलं. आमच्यातला जुना माणूस, त्याला सगळे मामा म्हणायचे, तो भाकरी दाढेनं तोडायचा. पुढचे दात फक्त हसायला ठेवले होते त्यानं.

चहाच्या वेळी अ‍ॅसिडवाल्यांनी बाहेरच्या कट्ट्यावर बसायचं. वास येतो म्हणून. वास खरोखरच येत होता, त्यामुळं भांडताही येईना. एका सुट्टीच्या दिवशी मी साबण लावून अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि उरलेला पगार घ्यायला गेलो. चहा आला. कप तोच, कानतुटका, बाहेरच्या कट्ट्यावरचा. तेव्हा वासाचा प्रश्न मिटला.

जुन्या गाडीच्या मालाकडे येतो. शौकीन माणसाला वाटतं, गंज आहे ना, मग बुडवा की सगळं. सगळं बुडवता येत नाही. चेसिस बुडते, जाड ब्रॅकेट बुडतात, बंपर बुडतो. पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, बुडवायचे नसतात. कडक पोलादात अ‍ॅसिडातला हायड्रोजन शिरतो, ते ठिसूळ होतं आणि एक दिवस वजनाखाली काचेसारखं तुटतं. जास्त ताकदीच्या बोल्टांचं तेच. दरवाज्याचा, बोनेटचा पातळ पत्रा ४५० अंशांत पापडासारखा वाकतो, मग कितीही ठोका. बिडाचं ओतकाम नुसत्या अ‍ॅसिडनं साफ होत नाही, त्याला आधी छर्‍यांचा मारा द्यावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा चुकून राहिला तर कॉस्टिकमध्येच फसफसून जातो. कथलाचा जोड केटलमध्ये सुटतो. अ‍ॅसिड गंज खातं पण रंग खात नाही, म्हणून सत्तर वर्षांचे रंगाचे थर आधी उतरवावे लागतात. दोन पत्रे एकमेकांवर रिव्हेटनं जोडलेले असतील तर मधल्या फटीत अ‍ॅसिड राहतं आणि महिन्याभरानं तिथून तांबडं पाणी गळतं. मग मालक येतो भांडायला. आट्या जस्तानं भरतात, त्या परत टॅप फिरवून मोकळ्या कराव्या लागतात. आणि चेसिसवर ठोकलेला नंबर उथळ असला तर तोही भरून जातो. आरटीओला त्या नंबरचा ठसा लागतो. नंबर गेला तर सत्तर वर्षांची गाडी कागदावर मेली.

हे मला कुणी बसवून शिकवलं नाही. बघून कळलं. पुढं तपासणीच्या खोलीतल्या एका पोराकडून मानक २६२९ मागून घेतलं, झेरॉक्स काढली, शब्दकोश घेऊन वाचलं. दोन पावसाळे लागले. वाचून संपलं तेव्हा कळलं की त्यातलं अर्धं मला आधीच माहीत होतं, फक्त त्याची इंग्रजी नावं माहीत नव्हती.

जस्ताची विद्याही अशीच बिननावाची. खनिजातून जस्त काढणं महाकठीण. ९०७ अंशांवर त्याची वाफ होते, आणि खनिजातून ते सुटायला त्याहून जास्त आच लागते. म्हणजे सुटतं तेच वाफ होऊन, आणि उडून जातं. राजस्थानात उदयपूरजवळ झावर म्हणून ठिकाण आहे. तिथल्या लोकांनी सात-आठशे वर्षांपूर्वी मातीच्या मुशी उलट्या लावून ती वाफ खाली थंड भांड्यात उतरवली, तीही एखाद-दुसरी मूस नव्हे, ढिगांनी. वापरून झालेल्या मुशी त्यांनी भिंतींत चिणल्या; अशा भिंती तिथं बघायला मिळतात. भट्टीवर कोण उभं होतं, त्यांची नावं कुठंच नाहीत. लोखंडावर जस्त चढवायचं पेटंट मात्र १८३७ साली पॅरिसच्या सोरेलनं घेतलं, त्याचं नाव आहे. माझी सोरेलवर तक्रार नाही. नाव लिहून ठेवायची सोय कुणाला होती, एवढंच बघतो.

एकदा मार्चातल्या सुरक्षा सप्ताहात एक साहेब भाषणाला आले. म्हणाले, "जस्ताकडून शिका. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. कामगारानं असंच त्यागी असावं." टाळ्या झाल्या. आता यातलं रसायन खरं आहे. ओलीत दोन धातू एकमेकांना चिकटून असले की ज्याचे इलेक्ट्रॉन लवकर सुटतात तो आधी झिजतो. जस्ताचे लवकर सुटतात. म्हणून थरावर बारीक ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त उघड्या लोखंडाला सांभाळून घेतं. पण यात त्याग कुठून आला? जस्ताला कुणी विचारलं होतं का? आमच्यातल्या एकानं मागून विचारलं, "सायेब, आमी जस्त, मंग लोखंड कोन?" साहेबांनी घड्याळ बघितलं. नारळ, पेढे, फोटो. आम्हाला मास्क हवे होते. पेढे मिळाले.

२०१९ च्या डिसेंबरात एक जीप आली. म्हणजे जीपची हाडं. विलीज एमबी, लढाईतली, मालक म्हणाला १९४३ ची. या जीपा अमेरिकेत विलीजनं बनवल्या आणि मागणी भागेना म्हणून फोर्डनंही बनवल्या. लढाई संपल्यावर त्या जगभर विखुरल्या, आपल्याकडं माझगावात महिंद्रांनी विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली, आणि मग जीप म्हणजे सरकार असं समीकरण झालं.

ते समीकरण मला पाठ आहे. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा. आई खडी फोडायला जायची, मी तिच्यासोबत. लांबून धुळीचा लोट दिसला की मुकादम ओरडायचा, "जीप आली, जीप आली," आणि बसलेली बाई उठून हातोडा घ्यायची. जीपमधला माणूस खाली उतरायचाच असं नाही. बसल्या बसल्या ढिगाकडं बघायचा, काहीतरी लिहायचा आणि आमची मजुरी ठरायची. १९७८ साली विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, तेव्हा आमच्या वस्तीनं जीपची वाट बघितली. ती दोन दिवसांनी आली. राख थंड झाली होती.

तेव्हा त्या हाडांकडं बघून माझ्या मनात माया दाटून आली वगैरे खोटं लिहिणार नाही. पण मालानं काय पाप केलंय? लोखंड चांगलं होतं. मी ते नीट बघत होतो.

विलीजच्या फ्रेमला सगळ्यात पुढं एक आडवी गोल नळी असते. फोर्डच्या जीपला त्या जागी चौकोनी आडपट्टी. शौकीन लोक यावरूनच दोन्ही ओळखतात. या फ्रेमच्या नळीची दोन्ही टोकं कुणीतरी कधीतरी चकत्या लावून वेल्डिंगनं बंद केली होती. वेल्डिंगही कच्चं, सुईच्या टोकाएवढी छिद्रं ठेवलेलं. फ्रेम अ‍ॅसिडमधून, पाण्यातून, फ्लक्समधून जाऊन आली होती. हुकावर तिरकी झाली तेव्हा मला आत खुळखुळ ऐकू आली.

बंद नळीतलं पाणी म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. पाण्याची वाफ झाली की ती मोकळ्यावर सोळाशे-सतराशे पट जागा मागते. बंद नळीत जागा नसते. नळी फुटते, आणि ती फुटते तेव्हा वितळलेल्या जस्ताच्या आत असते. सुईएवढ्या छिद्रातून पाणी आत जातं, पण ४५० अंशांची वाफ तेवढ्यातून बाहेर पडू शकत नाही. आम्ही त्याला फटाका म्हणायचो. शब्द हलका आहे. १९९१ साली एका जिन्याच्या कठड्याची बंद पाइप अशीच फुटली. मामा त्या दिवशी राख ओढायला केटलवर दिला होता, तिथला माणूस आला नव्हता म्हणून. जस्त त्याच्या मानेवरून सदर्‍याच्या आत गेलं. जस्त अंगावर पडून घसरत नाही, थिजतं आणि धरून बसतं. मामा एकोणीस दिवस जगला. कागदावर लिहिलं, "कामगाराचा निष्काळजीपणा." त्या पाइपला भोक पाडायचा खर्च त्या वेळी चहाच्या एका कपाएवढा असेल.

तर मी सुपरवायझरला म्हणालो, "नळीला भोक पाडल्याबिगर ह्ये आत जानार न्हाई." तो म्हणाला, "डुबव. पार्टी घाईत आहे." मी म्हणालो, "पार्टी केटलवर उभी र्‍हानारे का?"

ठेकेदार आला. मालकही रुमाल धरून आला. त्याला भोक पाडायचं नव्हतं. "अहो, हे ओरिजिनल आहे. शहात्तर वर्षं या नळीला कुणी हात लावला नाही. भोक पाडलं तर किंमत जाते." ओरिजिनल हा या लोकांचा मोठा शब्द. पुढं २०२१ साली सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची वेगळी व्हिंटेज नोंदणी आणली, नंबरात 'व्हीए' अक्षरं देऊन, आणि तिलाही गाडी मूळ स्वरूपात लागते. म्हणजे त्याची काळजी अगदीच खुळचट नव्हती. मी बॅटरी मारून वेल्डिंग दाखवलं. म्हटलं, "साहेब, ही चकती विलीजच्या कारखान्यातली नाही. ही कुठल्या तरी गॅरेजातली आहे. ज्याला तुम्ही ओरिजिनल म्हणता ते ठिगळ आहे." तो वाकून बघायला लागला. पहिल्यांदाच रुमाल काढला.

ठेकेदाराला ठिगळाशी घेणं नव्हतं. "तू लई शहाना झालास. उद्यापासून येऊ नको."

त्या वेळी १९४८ चा कारखाना कायदा लागू होता. भोपाळनंतर, १९८७ साली, त्यात कलम ४१-एच घातलं गेलं: धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगाराला जिवाचा तातडीचा धोका दिसला तर तो मालकाच्या नजरेस आणून द्यायचा आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवायचा हक्क. आमची शेड त्या प्रक्रियांच्या यादीत बसते का, यावर ऑफिसवाले तासभर वाद घालू शकले असते. मी यादी काढलीच नाही. एवढंच म्हणालो, "मी आत्ता लिहून देतो की आत पाणी आहे. तुम्ही खाली सही करा की बुडवा." कागद पुढं केला. सही करायला कुणाचा हात येईना. मित्रांनो, घोषणा दिल्या असत्या तर त्यांनी ऐकून घेतल्या असत्या. कोरी जागा त्यांना सहन झाली नाही.

आणि एक गोष्ट झाली, ती जशी झाली तशी सांगतो. क्रेनवाल्यानं पेंडंट खुंटीला अडकवलं आणि तो बाजूला जाऊन उभा राहिला. तो आमच्या अंगाच्या घराचा नव्हे. तीस वर्षांत त्यानं माझ्या हातचं पाणी प्यायलेलं मी बघितलं नाही. त्याला माझा पुळका नव्हता. फटाका उडाला असता तर केटलच्या सगळ्यात जवळ तोच होता. पण पेंडंट त्यानं अडकवलं. त्यानं चालवलं असतं तर माझा कागद कागदच राहिला असता.

एक तास गेला. मालकानं दोन-तीन फोन केले. शेवटी म्हणाला, "पाडा. पण मागच्या बाजूनं, दिसणार नाही असं."

ड्रिल आणलं. बारा मिलिमीटरची दोन भोकं, दोन टोकांना, एक वर आणि एक खाली. एक भोक पुरत नाही. जस्त आत जायला एक आणि हवा बाहेर पडायला दुसरं. खालचं भोक पडताक्षणी हिरवट पाणी आलं. अ‍ॅसिडात गंज विरघळला की असंच हिरवं होतं. अर्धा तांब्या निघालं. ठेकेदारानं बघितलं, मालकानं बघितलं. कुणी काही बोललं नाही. आम्ही नळी आतून धुतली, फ्रेम परत फ्लक्समध्ये घातली, नीट वाळवली, नंबरवर जस्त धरू नये म्हणून गरमीला टिकणारा रंग लावला आणि तिरकी धरून सावकाश सोडली. जस्त फक्त एकदा उकळल्यासारखं झालं, मग शांत. बाहेर आली तेव्हा चांदीसारखी चकाकत होती, हे कबूल करतो. ती चकाकी टिकत नाही, वर्षभरात राखाडी होते. मालकानं तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

त्या महिन्यात माझा आणि क्रेनवाल्याचा तो एक तास पगारातून कापला. दोघांनी मिळून अर्ज दिला. त्याला मराठी नीट लिहिता येत नव्हतं, म्हणून दोघांचा मीच लिहिला, त्यानं खाली सही केली. तास परत मिळाला नाही. पण उन्हाळ्याच्या आधी शेडच्या दाराला पाटी लागली: 'बंद पोकळी असलेला माल भोक पाडल्याशिवाय घेतला जाणार नाही.' रंगार्‍यानं पोकळीचा 'ळ' उलटा काढला, तो अजून तसाच आहे.

मास्कचं पाटीवर काही नाही. त्याचे दोन अर्ज ऑफिसातून परत आले. तिसरा आता अ‍ॅसिडवरची नवी पोरं लिहितायत. परवा त्यातलं एक पोरगं घरी आलं होतं, विचारायला, की दातांचं पण त्यातच लिहायचं का वेगळं.

मी म्हणालो, वेगळं लिहा, आणि पोचपावती घ्या.